चिंचोकी लुगडं

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा राज्य करत होता. त्याची राणी जाईवंता, आणि त्यांची एकुलती एक लेक पोवळी. राजाला सिंहासन होतं, राणीला सोन्याच्या कड्यांचा झोपाळा होता, पण राणीची मांडी रिकामी होती. लेक होती, डोळ्यांसमोर खेळत होती, आणि तरी आईच्या मांडीवर बसत नव्हती. कारण आपली आई कोणती, हेच तिला ठाऊक नव्हतं.

असं कसं झालं, तर ते असं झालं.

जाईवंता काही मोठ्या घरची नव्हे. डोंगरावरच्या एका लहानशा गढीच्या राखणदाराची ती पोर. राजा शिकारीला गेला, तहानेनं व्याकूळ झाला, आणि चिंचेखाली येऊन पाणी मागू लागला. झाडावरून एक पोरगी म्हणाली, "पाणी लांब आहे. तोवर ही चिंच चोखा, तोंडाला आपोआप सुटेल." राजा हसला. त्या हसण्यातच लग्न ठरलं.

वर्ष सरलं, राणीला दिवस गेले. आता त्या देशाची एक रीत होती. तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागायचं ते जुन्याचं. आजीनं नेसून नेसून मऊ केलेलं लुगडं फाडायचं, त्याचंच अंगडं, त्याचीच कुंची, त्याचंच दुपटं. नव्या कापडाची खळ बाळाला टोचते. जुन्यात माणसाचा वास असतो, त्या वासावर बाळ जगात रुळतं.

दिवस भरत आले तसं गढीवरून आईचं लुगडं आलं. विटून विटून त्याला रंग उरला नव्हता. पदराला ठिगळ होतं. चुलीच्या धुराचा आणि उन्हाचा वास त्याला येत होता. सोबत निरोप होता, की मला आता डोंगर उतरवत नाही, मी येत नाही, माझं लुगडं येतंय.

राणीच्या महालात तेव्हा सरदारणी बसल्या होत्या. त्यांच्यात गजरावंती सगळ्यांत तोऱ्याची. तिनं बोटाच्या चिमटीनं पदर उचलला आणि विचारलं, की राणीसाहेब, हे फरशी पुसायला मागवलं की आरसे? बायका पदराआड हसल्या. राणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती म्हणाली, "हे माझं नाही. चुकून आलं असेल."

तिनं तेवढं म्हणायला आणि मांत्रिक उजागर दारात उभा राहायला एकच गाठ पडली. त्याच्या अंगावर आरशांचा झगा, काखेत शिसवी पेटारा.

"राणी, जे तुझं नाही ते मला दे. बदल्यात हा पेटारा घे. रोज सकाळी उघड, रोज नवं वस्त्र निघेल. कालच्याहून आजचं देखणं."

"आणि कालचं?"

"दिवस मावळला की विरेल. धुणं नको, वाळवणं नको, घडी नको."

सरदारणींनी माना डोलावल्या. राणीनं लुगडं दिलं, पेटारा घेतला. पोवळी जन्मली, तिला जरीच्या तुकड्यात गुंडाळली, आणि ती जी रडायला लागली ती भिवरा दाईनं आपल्या जुन्या पदराखाली घेतली तेव्हा थांबली. त्याच महिन्यात गढीवरची आई गेली. निरोप आला, राणीनं ऐकला. डोळ्यांत पाणी यायच्या आत पेटाऱ्यातून पांढरं मोत्यांचं वस्त्र निघालं. सगळ्यांनी त्याचीच वाखाणणी केली.

मग हे रोजचं झालं. पेटारा उघडला, वस्त्र निघालं. दिवस मावळला, वस्त्र विरलं. आणि त्या वस्त्रांत शाप होता. ते अंगावर चढलं की बघणाऱ्याला वस्त्रच दिसे, आतलं माणूस दिसत नसे. झोपाळ्यावर बसलेली असली तर लोक राणी समजून मुजरा करीत, झोपाळ्यावरून उठली की तिलाच राणीची वाट विचारीत. राजा सकाळी मान लववून म्हणे, आपण कुठल्या देशीच्या पाहुण्या, प्रवास सुखाचा झाला ना. राणीनं कधी दासीचं साधं पातळ मागून नेसून पाहिलं, तर ते अंगाला लागताच राख होऊन गळालं.

रोज दिवस कलला की पोवळी मागल्या दाराच्या पायरीवर बसे. भिवरा दाईच्या पदराचं टोक तिच्या मुठीत असे. ती विचारी, माझी आई कधी येणार? राणी शेजारीच उभी असे. एकदा राणी खाली वाकली आणि म्हणाली, "मीच तुझी आई."

पोवळीनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाली, "काल पण एक बाई असंच म्हणाली. ती निळी होती."

राणीचा हात पुढं झाला होता, तो तसाच मागं आला. दाईच्या पदराचं ते मळकं टोक लेकीच्या मुठीत पाहून एका राणीला एका दाईचा हेवा वाटला.

भिवरा दाई जाणती होती. वस्त्र विरून राणी अंथरुणात मानेपर्यंत पांघरून पडली, तेव्हा पडद्याआडून दाई तिला म्हणाली, की राणीबाई, दुधाचे दात पडायच्या आत लेकराला आई उमगली तर उमगली. एकदा पहिला दात पडला की त्या जागी दुसऱ्याची माया रुजते, मग ते परत फिरत नाही. आणि पोवळीचा खालचा एक दात हलायला लागलाय.

राणी त्या दिवसापासून खिडकीत बसून राही. खिडकीशी लिंबाचं झाड होतं, त्यावर एक शिंपीण पक्षीण दोन पानं एकाला एक टाचून घरटं करत होती. चोचीत कापसाचा धागा, शेपटी वर, बोलणं तिखट.

"काय गं बये, इतकी नटतेस आणि तोंड का पाडतेस?"

राणीनं सगळं सांगितलं. शिंपीण म्हणाली, "माझ्याकडं पिसांचा एकच जोड. तोच उन्हाला, तोच पावसाला. पण मी फांदीवर बसायच्या आत पिल्लं चोची उघडतात. तुझी कशी उघडतील? तू रोज निराळीच येतेस."

राणीनं विचारलं, यावर उपाय काय? शिंपिणीनं सांगितलं, की तुझं लुगडं उजागरच्या आरसेमहालात आहे. पण जरीत गेलीस तर तोही तुला पाहणार नाही. आधी तुझं स्वतःचं वस्त्र हवं. कुणी दिलेलं चालणार नाही, तूच शोधलेलं हवं. पोत तुझा, रंग तुझा, नेसण तुझी.

"आणि वाटेत दिवस मावळला तर?"

"पळसाची पानं आहेत, माझी चोच आहे. झाडाच्या पानाला मालक नाही, त्याला शापही लागत नाही."

मग राणीनं पेटारा बंद केला आणि ती निघाली. वेशीबाहेर दिवस मावळला, अंगावरचं वस्त्र विरलं, आणि शिंपिणीनं पळसाची पानं टाचून तिला गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलं. पानं सळसळत, चालताना फाटत, शिंपीण शिव्या घालत पुन्हा टाचे.

चालता चालता कापडांचं रान लागलं. तिथं झाडांना पानांऐवजी वस्त्रं फुटत. रेशीम डोलत होतं, मखमल हाका मारत होती, जरतार उन्हात ओरडत होती. राणीनं सवयीनं हात घातला तो रेशमाला. ते सळकन निसटून फांदीवर जाऊन बसलं. राणी म्हणाली, समजलं, आता मला कष्ट भोगले पाहिजेत. तिनं सगळ्यांत जाडंभरडं कापड ओढून अंगाला गुंडाळलं. घटकाभरात मान लाल झाली, बगला सोलल्या.

शिंपीण फांदीवरून हसली. "वस्त्र शोधायला निघालीस की वनवासाला? अंगाला शिक्षा कर म्हणून कुणी सांगितलं तुला?"

राणीनं ते कापड परत झाडाला अडकवलं आणि दमून खोडाशी बसली. डोळे मिटले. वारा आला, वरच्या फांदीवरचं काहीतरी खांद्यावर घसरलं, गालाला लागलं. तिला गढी आठवली, चुलीपाशी भाकरी थापणारी आई आठवली, आणि कितीतरी दिवसांनी तिला झोप लागली. जाग आली तेव्हा अंगावर कापड आहे हे शिंपिणीला सांगावं लागलं. बिनरंगाचं, साधं, सुती, नऊ वार. ते निसटलं नाही, राखही झालं नाही. जे अंगावर असल्याचा विसर पडतो तेच आपलं, हे राणीला कळलं.

पुढं रंगांचं तळं होतं. तळ्यात एक म्हातारं कासव राहत होतं. ज्याला जो रंग हवा तो मागावा, कासवानं कापड बुडवून द्यावं, असा तिथला रिवाज.

राणी म्हणाली, डाळिंबी दे. कासवानं विचारलं, का? ती म्हणाली, राजाला आवडतो. कापड बुडवलं, डाळिंबी झालं, काठावर आणताच रंग ओघळून पाण्यात गेला. राणीनं कापड पुन्हा पुढं केलं. मग म्हणाली, माझ्या आईच्या लुगड्याचा दे. कासव म्हणालं, तो रंग नव्हे, ते आयुष्य आहे. तिचं तिनं झिजवलं, तुझं तुला झिजवावं लागेल. पुन्हा बुडवलं, पुन्हा ओघळलं.

कासवानं मान बाहेर काढली. "कुणी पाहत नसताना तू काय पाहत बसायचीस?"

राणीला आठवलं. चिंचेखाली बसून ती चिंचोके वेचायची. ओठांशी धरून, पदरानं घासून चकचकीत करायची. काळपट, तांबूस, आतून उजळलेला तो रंग ती तासन् तास न्याहाळायची. महालात आल्यावर कुणीतरी म्हणालं होतं, तपकिरी रंग राण्यांना शोभत नाही, आणि ती ते विसरून गेली होती.

"चिंचोक्याचा," ती हळूच म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली. कासवानं कापड बुडवलं, आणि यावेळी रंग असा बसला, जणू तो आधीपासूनच सुतात होता.

राहिली नेसण. वाटेत खळाळ नावाची नदी होती. तिच्यात दगडांची वाट होती, आणि ती नदी चाल बघून वाट देई. राणी महालातल्यासारखं नेसली, निऱ्या मागं लोळत, पाऊल इवलंसं. नदीनं निऱ्यांना धरलं आणि तिला अलगद मागं काठावर ठेवलं. मग राणीनं भिवरा दाईची नेसण आठवून तशी नेसून पाहिली. नदीनं परत आणून ठेवलं आणि म्हणाली, "भिवरा माझ्या ओळखीची आहे. ती तू नव्हेस."

राणी काठावर उभी राहिली. आपण झाडावर कसं चढायचो ते तिनं आठवलं. डावा पाय आधी, ढांगा लांब, हात मोकळे. तिनं कासोटा घट्ट मारला, काठ पोटरीवर घेतला, पदर कमरेला खोचला, आणि पुढं चांगला खोल ओचा केला, कारण लहानपणी तिला काही ना काही वेचायला लागायचंच. काठावर चिंच होती. तिनं मूठभर चिंचोके आणि चिंचेचा एक आकडा ओच्यात टाकला आणि निघाली. पाचोळा जातो तशी पार झाली.

पलीकडं आरसेमहाल होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर टाकलेली वस्त्रं होती. कुणाच्या आजीचं लुगडं, कुणाच्या बापाची बंडी, कुणाचं विरलेलं धोतर, कुणाची कुंची. ज्याला आपलं म्हणायला माणसं लाजली ते सगळं तिथं होतं. वारा सुटला होता आणि एकही वस्त्र हलत नव्हतं. खाली तसल्याच वस्त्रांच्या ढिगावर उजागर बसला होता. आरशांत तो दिसत नव्हता, त्याचा झगाच दिसत होता.

जाईवंता आत आली आणि आरशांत एक बाई दिसली. कोण म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. ती तीच होती. कानाशी केस पांढरे झाले होते, ते तिनं आज पहिल्यांदा पाहिले.

"कोण तू?" उजागरनं विचारलं.

"जाईवंता. गढीवरची."

"काय पाहिजे?"

"माझं लुगडं."

"ते तुझं नाही. तूच म्हणालीस, चारचौघींत म्हणालीस. परत हवं तर चारचौघींतच म्हणावं लागेल."

त्यानं हात केला. आरशांत सगळ्या सरदारणी उमटल्या, पुढं गजरावंती. त्यांनी चिंचोकी लुगडं पाहिलं, पोटरीवरचा काठ पाहिला, फुगलेला ओचा पाहिला, आणि हसू लागल्या. महाल हसण्यानं भरला. राणीच्या कानाच्या पाळ्या पुन्हा तापल्या. मग तिला मागल्या दाराची पायरी दिसली, पायरीवरची पोर दिसली, आणि हलणारा दात दिसला.

ती म्हणाली, "हे माझ्या आईचं जुनं लुगडं. ठिगळ तिनंच लावलंय. हे माझं आहे."

दोरी सैल झाली. लुगडं सावकाश उतरून तिच्या हातांवर आलं. त्याला अजून धुराचा वास होता. आई गेल्याची खबर राणीला केव्हाच पोचली होती, रडू तिला आज आलं. ती लुगड्यात तोंड खुपसून रडली आणि आरशांतल्या बायका एकेक करून हसायच्या थांबल्या.

उजागर उठला नाही. खालच्या आवाजात म्हणाला, की तू सुटलीस. मला या ढिगावर झोपूनही झोप येत नाही, कारण यातलं एकही माझं नाही.

"तुझं कुठं आहे?"

त्यानं ढिगाच्या तळाशी बोट दाखवलं. तिथं एक घोंगडी होती, काळी, भोकं पडलेली. उजागर म्हणाला, "माझ्या बापाची. मेंढरं राखायचा. मी विद्या शिकायला गेलो तेव्हा लोकांनी विचारलं, ही कुणाची? मी म्हणालो, ठाऊक नाही."

राणी म्हणाली, "मग आता म्हण."

तो घोंगडीकडं वळला. मग म्हणाला, "माझी आहे." घोंगडी त्याच्या खांद्यावर येऊन बसली, आरशांचा झगा वाळूसारखा गळून गेला, आणि आत एक साधा म्हातारा निघाला. त्यानं राणीला हात जोडले आणि डोंगराकडं चालू लागला. डोंगरावर कुठंतरी मेंढरू ओरडलं. त्याची पावलं झपाझप पडू लागली.

तो दिसेनासा झाला तशा सगळ्या दोऱ्या तुटल्या. वस्त्रं उठली आणि घराकडं निघाली. संध्याकाळी बगळे परततात तशी लुगडी, धोतरं, बंड्या, कुंच्या राज्यावरून उडत गेल्या, आणि जिथून टाकली गेली त्या त्या घरी उतरल्या. गजरावंतीच्या सज्ज्यावर एक ठिगळाचं उपरणं येऊन पडलं. शेजारणीनं विचारलं, हे कुणाचं? गजरावंतीनं ठिगळावरून बोट फिरवलं. मग तिनं ते उचलून डोक्याला लावलं आणि म्हणाली, माझ्या बाबांचं.

राणी महालाशी आली. दारावरचा म्हातारा पहारेकरी म्हणाला, राणीसाहेब, आपण बाहेर कधी गेला होता? आम्ही तर आपल्याला कितीतरी दिवसांत पाहिलंच नाही. आतून राजा धावत बाहेर आला. जरीच्या सळसळीत बुडालेली ती पावलं त्याला आज ऐकू आली होती, लांब ढांगांची, डावं आधी. तो तिच्याकडं पाहत राहिला. मग त्यानं विचारलं, "पाणी अजून लांबच आहे का?"

राणीनं ओच्यातून चिंचेचा आकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. पण ती थांबली नाही. ती मागल्या दाराकडं गेली.

पायरीवर पोवळी बसली होती. दात एका तंतूवर लोंबत होता, ती जिभेनं तो हलवत होती. तिनं वर पाहिलं आणि ओळखलं नाही. ओळखणार कशी? तिनं आपल्या आईला कधी पाहिलंच नव्हतं. तरी यावेळी ती मीच तुझी आई असं म्हणाली नाही. शेजारी बसली. ओच्यातून चिंचोके काढून पायरीवर मांडले. एक वर उडवला, दुसरा टिपला, तो हातातून निसटला. पोवळी म्हणाली, तुला येत नाही, असं नसतं. आणि शिकवू लागली. खेळता खेळता ती जवळ सरकली, गुडघा गुडघ्याला लागला. तिनं काठ चिमटीत धरला. मग गाल लावून पाहिला.

"हे कालचं आहे का?"

"कालचंच."

"उद्या?"

"उद्या हेच. मळलं की धुईन, वाळवून परत हेच नेसेन."

पोवळीनं विचार केला. "मग मला तू सापडशील," ती म्हणाली.

ती मांडीवर चढली, आजीच्या जुन्या लुगड्यात गुरफटली, आणि कधीपासून चालून दमलेल्या माणसासारखी तिला एकदम झोप लागली. झोपेतच दात सुटला आणि ओच्यात चिंचोक्यांमध्ये पडला. राणीनं तो कौलांवर टाकला. तो नेमका शिंपिणीच्या घरट्यापाशी टपकला. तिनं राणीला पुन्हा दोन शब्द सुनावले.

दुसऱ्या दिवशी राणीनं पेटारा उघडला, तो रिकामा होता. तिनं त्यात आपली लुगडी ठेवली. एक अंगावर, एक दोरीवर, एक घडीत, आणि एक सणाचं, दरवर्षी तेच. सगळी सुती, सगळी चिंचोक्याच्या नात्यातल्या रंगांची, सगळ्यांना खोल ओचा. पेटारा निम्मा रिकामाच राहिला, त्यात पोवळी लपून बसे आणि राणी तिला शोधत असे. राजानंही आपली जुनी बंडी काढली, आणि सिंहासनावर बसून त्याची पाठ दुखायची थांबली.

पुढं पोवळीला भाऊ झाला. राणीनं चिंचोकी लुगड्यांतलं सगळ्यांत जुनं, सगळ्यांत मऊ काढलं, आणि भिवरा दाईनं त्याचं अंगडं शिवलं. ते घातल्यावर बाळ एकदा रडलं, मग गप्प झालं, आणि आईकडं टक लावून पाहू लागलं. त्याला तिला शोधावं लागलं नाही. त्या घरात पुन्हा कुणाला कुणाची वाट विचारावी लागली नाही, तशी ती तुमच्याही घरात कुणाला विचारावी न लागो.